कोपरा कापलेली पिशवी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या थोंगयंग कुरव फुटबॉल संघाचेही अध्यक्ष माननीय यॉम साहेब, संघाचे डॉक्टर थाक, आपल्या समर्थक मंडळाच्या वकील बांग सू-हा, पहिल्या रांगेत खुर्ची राखून ठेवलेली असतानाही दाराशी जाऊन बसलेल्या माएंग ओक-बुन आजी, त्यांच्या सूनबाई मी-ग्यंग, ज्याच्यासाठी आपण सारे जमलो आहोत तो आपला कर्णधार प्यो इन-गुक, त्याची पत्नी आणि तिच्या मांडीवर झोपलेली कन्या, आणि मासळी सहकारी संस्थेच्या या सभागृहात मावत नसतानाही मावलेल्या माझ्या समर्थक बंधू-भगिनींनो,

सर्वप्रथम, मागच्या रांगेने ढोल खाली ठेवावेत. आपला संघ वरच्या श्रेणीत गेला त्याचा आनंद मलाही आहे. त्या शनिवारी माझा घसा बसला, आणि इतकी वर्षं शाळेत मुलींवर ओरडूनही तो कधी बसला नव्हता. पण निरोपाचं भाषण ढोलाच्या ठेक्यावर करता येत नाही. ग्वाकदादा, मी तुमच्याकडे बघूनच बोलते आहे. धन्यवाद.

कर्णधाराला निरोप देताना काय बोलावं? सामने किती, गोल किती, ते यॉम साहेबांनी आत्ताच सांगितलं. पण बचावपटूचं मोठेपण आकड्यांत कुठे सापडतं? जे गोल आपल्यावर झालेच नाहीत, त्यांचा हिशेब कोण ठेवतो? म्हणून मी आज त्याच्या खेळाबद्दल थोडं आणि गेल्या वर्षीच्या प्रकरणाबद्दल जास्त बोलणार आहे.

कुजबुज ऐकू येते आहे मला. "आज कशाला तो विषय, बाई?" आजच. कारण ते प्रकरण आपल्यातल्या प्रत्येकाला अर्धंच माहीत आहे, आणि त्या अर्ध्या माहितीवर या गावाने जी भांडणं केली त्यांना तोड नाही. इन-गुक मैदानावरून जाण्याआधी ते एकदा सगळ्यांसमोर सरळ सांगितलं जावं. आजींची आणि मी-ग्यंगची परवानगी मी घेतली आहे. आजी म्हणाल्या, "सांगा की. फक्त मला म्हातारी म्हणू नका." तो शब्द मी वापरणार नाही.

तर, गेल्या वर्षीचा उन्हाळा. पंचांगात सर्वांत उकाड्याचे म्हणून मोजलेल्या तीन कडक दिवसांतला मधला दिवस. त्या दिवसांत आपल्याकडे जो तो दुसऱ्याच्या पोटात ताकद घालायला निघालेला असतो. शेजारीण कोंबडीचं पातेलं घेऊन येते, जावई सासऱ्यांना ताकदीची जिनसेंगची मुळी पाठवतो, कुणी नाही म्हटलं तर भांडण त्या उकाड्याच्या दसपट गरम होतं. म्हणूनच आपल्या मंडळाचा एक नियम होता आणि आहे. खेळाडूंना खायला-प्यायला काही द्यायचं असेल तर ते आधी थाक डॉक्टरांना दाखवायचं. सभेत सगळ्यांनी हात वर करून तो मंजूर केला होता. आजींचाही हात वर होता. मी पाहिला होता.

त्या दिवशीचा सामना आठवतो? न आठवणारा या गावात कुणी आहे का? उकाडा असा की ढोलाची कातडी सैल पडलेली. दोन्ही बाजू शून्यावर. समोरच्या संघाचे गडी कमरेवर हात ठेवून उभे, आपलेही तसेच. आणि भरपाईच्या वेळेत इन-गुकने आपल्याच गोलसमोर चेंडू अडवला आणि तो घेऊन धावत सुटला. तेहतीस वर्षांचा बचावपटू, सबंध सामना धावून झालेला, अख्खं मैदान कापत गेला, चेंडू कडेला देऊन तसाच पुढे धावला, आणि परत आलेल्या चेंडूवर डोकं घालून त्याने गोल केला. ग्वाकदादा आनंदाने पायरीवरून घसरले आणि समोरचा दात गमावून बसले. रात्रीत गाणं तयार झालं, "इन-गुक थकत नाही, इन-गुकला उकडत नाही." तेच गाणं आपण पुढचे काही आठवडे गात होतो.

मग अहवाल आला. सामन्यानंतर घेतलेल्या त्याच्या लघवीच्या नमुन्यात एफेड्रीन नावाचं द्रव्य सापडलं, आणि तेही मर्यादेच्या वर.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राने 'इन-गुक' असं लिहिलं नाही. 'कुरव संघात उत्तेजक द्रव्यं' असं लिहिलं. लीगने संघाचीच चौकशी लावली. थाक डॉक्टरांचं औषधांचं कपाट सील झालं. संघाने हे पाजलं असं ठरलं तर गुण कापले जाणार, आणि वरच्या श्रेणीचं स्वप्न तिथेच संपणार. इन-गुकपुढे तर त्याहून मोठा खड्डा होता. त्याने मुद्दाम घेतलं असं ठरलं तर चार वर्षांची बंदी. मुद्दाम नाही, पण कुठून आलं ते सांगता येत नाही, तरी दोन वर्षं ठरलेली. तेहतिसाव्या वर्षी दोन काय आणि चार काय? दोन्हींचा अर्थ एकच. घरी बसा.

आणि चौकशीत इन-गुक एकच वाक्य बोलत होता. "मला माहीत नाही."

मग आपण काय केलं? आपण भांडलो. आणि भांडायला कुठे जमलो? मैदानाखालच्या ओक-बुन आजींच्या दुकानात. वामीच्या काट्यांचं आणि वाळवलेल्या मुळ्याच्या पाल्याचं सार भुरकत या गावाने न्यायालय भरवलं होतं.

ग्वाकदादांचा निकाल पहिल्याच दिवशी लागला होता. "हे पलीकडच्या बंदरवाल्यांचं काम आहे. पाण्याच्या बाटलीत घातलं."

"दादा, बाटल्या सीलबंद असतात," सू-हा म्हणाली.

"सीलचं काय सांगतेस मला? माझ्या टॅक्सीचं मीटरही सीलबंदच आहे."

दादा, हसू नका. हे तुम्हीच बोललात आणि साक्षीदार या सभागृहात बसलेले आहेत.

मासळीच्या लिलाव-बाजारातल्या मंडळींचं मत उलटं होतं. त्यांच्या मते संघच चोर. "थाक डॉक्टर सगळ्यांना सुया टोचतात. माझ्या मेव्हण्याने स्वतः बघितलंय."

"तुझा मेव्हणा डोळ्यांच्या दवाखान्यात असतो ना?"

"म्हणून तर त्याला नीट दिसतं."

डॉक्टर, या सभागृहाच्या वतीने मी तुमची माफी मागते. मेव्हणेही आले आहेत. तुम्ही मंचावरून खाली उतरलात की ते स्वतः मागतील.

भांडणं विनोदाची राहिली नाहीत, हेही खरं. भाऊ भावाशी बोलेना. मैदानाच्या उत्तर बाजूला इन-गुकचं चित्र असलेला फलक होता. एका सकाळी तो कुणीतरी भिंतीकडे तोंड करून लावलेला सापडला. कुणी लावला ते मला माहीत आहे. तो माणूस नंतर स्वतः जाऊन तो फलक सरळ करून आला, म्हणून त्याचं नाव मी घेत नाही.

सू-हा रोज एकच गोष्ट सांगत होती. "कायद्याला हे हवंय की ते अंगात आलं कुठून. तेवढं दाखवा, शिक्षा एकदम कमी होते. त्याने फक्त तोंड उघडायला हवं."

"मग उघडत का नाही?"

"ते कळत असतं तर मी वकिली कशाला केली असती? बाजारात बसून भविष्य सांगितलं असतं."

"म्हणजे त्याने खाल्लंय," लिलाववाले म्हणायचे. "ज्याने काही केलं नाही तो ओरडतो."

"किंवा तो कुणाला तरी पाठीशी घालतोय," सू-हा म्हणायची.

"कुणाला? संघाला!"

आणि फेरा परत पहिल्यापासून. या सगळ्यात ओक-बुन आजी हातात स्वयंपाकाची कात्री घेऊन टेबलांमधून फिरत, कुणाच्या वाडग्यात आंबवलेल्या भाजीची किमची कापून घालत, आणि प्रत्येक वेळी तेच बोलत. "ज्या कुत्र्याने माझ्या पोराला ते पाजलं ना, तो एकदा सापडू दे. या कात्रीने त्याची जीभ कापते."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

एका संध्याकाळी दुकान गच्च भरलेलं असताना लिलाववाल्यांनी सू-हाला विचारलं, "हे एफेड्रीन एफेड्रीन म्हणतेस, ते असतं तरी कशात?"

ती म्हणाली, "मा-ह्वांग नावाच्या वनस्पतीत. वैद्य ती सर्दीच्या काढ्यात घालतात. आणि बारीक होण्याच्या काढ्यात."

मी-ग्यंग मुळ्याच्या किमचीचं ताट घेऊन चालली होती. ते ताट तिरकं झालं आणि सगळी किमची जमिनीवर गेली. तिच्याकडे कुणी फारसं बघितलं नाही, कारण आजी सू-हावर उसळल्या होत्या. "बारीक व्हायचा काढा? असलं भिकारडं माझं पोर कशाला पिईल? त्या दिवशी त्याने इथे ताकदीचा काढा घेतला. चांगल्या दोन पिशव्या. म्हणून तर तसा धावला."



सू-हाने अगदी हळू विचारलं, "आजी, कुठला काढा?"

"मी-ग्यंगच्या माहेरून आलेला. हरणाच्या शिंगाचा. तिथे फ्रीजमध्ये असतो की."

सगळ्यांनी किमचीच्या फ्रीजकडे बघितलं. आपण ज्याला टेकून इतके दिवस भांडत होतो, तोच तो फ्रीज. ग्वाकदादांनी आपली पाठ त्यापासून हळूच बाजूला घेतली.

मी-ग्यंग सांडलेल्या किमचीतच खाली बसली होती. ती म्हणाली, "आई, तो माहेरचा नाही."

"मग कुठला?"

"छांगवनच्या दवाखान्यातला. बारीक व्हायचा."

तुम्ही विचाराल, सुनेने असं खोटं का सांगावं? बायकांना मी हे समजावून सांगायची गरज नाही, पुरुषांसाठी सांगते. ज्या घरात सासू रोज समोर बसून वाडगा रिकामा होईपर्यंत बघते, आणि 'सार विकणारी बाई हडकुळी असेल तर गिऱ्हाईक आत पाऊल टाकत नाही' असं म्हणते, त्या घरात बारीक होण्याचं औषध उघड कसं ठेवणार? मी-ग्यंगने माहेरचा काढा म्हणून सांगितलं. काढ्याच्या सीलबंद पिशव्या, एकीत एका वेळचा काढा, सगळ्या सारख्याच दिसतात. चांदीच्या रंगाच्या, वर काही लिहिलेलं नाही.

आजी तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "तू कशाला बारीक व्हायचं?"

आणि त्यानंतर जे म्हणाल्या ते मी आजपर्यंत विसरलेले नाही. "माझा काढाही तिथेच होता. शेजारच्याच खोक्यात. पण मला वाटलं, माझा साधा. व्याह्यांनी पाठवलेला चांगला असणार. आपण साधं प्यावं, पाहुण्याला चांगलं द्यावं. म्हणून मी तो दिला."

कात्री अजून त्यांच्या हातात होती. त्या तिच्याकडे बघत होत्या. इतके दिवस कुणाची जीभ कापायची भाषा चालली होती, ते त्यांच्या ध्यानात आलं होतं.

ग्वाकदादा म्हणाले, "आजी, आधी ती कात्री खाली ठेवा."

दादा, तुमच्या आयुष्यातलं सर्वांत शहाणं वाक्य.

आता त्या दुपारी काय घडलं तेही ऐका, कारण पुढे सुनावणीतले पंच याच गोष्टीवर थांबले. इन-गुक सामन्याआधी जेवायला आला होता. बाळाला दात येत होते, त्यामुळे झोप नाही, डोळे खोल गेलेले.

आजींनी विचारलं, "काय रे, कुणी मेलं की काय?"

"नाही आजी. बाळाला दात येतायत."

"दात तिला येतायत आणि तोंड तुझं सुजलंय. थांब."

त्यांनी पिशवी गरम पाण्यात टाकली, बाहेर काढून पुसली, कात्रीने कोपरा कापला आणि दोन्ही हातांत धरून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. त्याने उठून, दोन्ही हातांनी घेऊन, मोठ्यांसमोर दारू पिताना अदबीने वळवतात तसं तोंड बाजूला वळवून ती संपवली. तोवर दुसरी पिशवी गरम होत होती. "बैलाएवढा गडी, एका पिशवीने काय होणार?" दुसरीचाही कोपरा कापून झाला.

अहवाल आला त्याच दिवशी इन-गुकला अंदाज आला होता. मग तो गप्प का बसला? मी त्याला हे विचारलं. तो म्हणाला, "बाई, काय सांगू? ज्या बाईने मला सोळाव्या वर्षापासून जेवू घातलं तिने मला विष पाजलं, असं सांगू? त्यापेक्षा खेळ गेलेला बरा."

मी त्याला सुनावलं. म्हटलं, तुझा खेळ एकट्याचा नाही. तू गप्प बसतोस आणि थाक डॉक्टरांचं कपाट सील होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार आहे, आणि इथे तर चोरही नाही. तो मान खाली घालून उभा राहिला, पण त्याने ऐकलं नाही. आजी साक्षीला येणार हे कळल्यावर तो दुकानात आला आणि त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसला. "आजी, तुम्ही येऊ नका. तिथे तुम्हाला नाही नाही ते विचारतील."

आजींनी त्याच्या पाठीत अशी चापट मारली की शेजारच्या टेबलावरचे चमचे वाजले. "खेळायचं काम तुझं. पाजलं मी, तर सांगायचं काम माझं. ऊठ, गिऱ्हाइकाची वाट अडवून बसलायस."

मी-ग्यंगही उठली. तिला काय सांगायचं होतं, ते एकदा लक्षात घ्या. अनोळखी माणसांसमोर, जे उद्या वर्तमानपत्रात येणार होतं, ते: मी जाड आहे असं मला वाटतं आणि मी सासूशी खोटं बोलले. कोण सांगेल? तिने सांगितलं. उरलेल्या पिशव्यांतली एक सू-हाने सील करून प्रयोगशाळेत पाठवली आणि तिच्यात तेच द्रव्य निघालं.

सुनावणीला आम्ही पहाटेच्या बसने सोलला निघालो. बसमध्ये सू-हाला एक वास आला. आजींच्या मांडीवर मोठा थर्मास होता.

"आजी, हे काय?"

"सार. पंचांसाठी."

"आजी, पंचांना काही खायला द्यायचं नसतं."

"का? उपाशी माणूस न्याय कसा करणार?"

"त्याला लाच म्हणतात."

"मुळ्याच्या पाल्याला?"

सू-हाने वाटेतल्या थांब्यावर ते सार आम्हालाच प्यायला लावलं. पुरावा नष्ट केला असं तीच म्हणाली.

पंच तीन होते. मधले गृहस्थ माझ्याहूनही वयाने मोठे, चेहऱ्यावर हास्याची रेघ नाही. त्यांनी आजींना विचारलं, "खेळाडूंना काय चालतं, काय नाही, याची तुम्हाला कल्पना होती का?"

आजी म्हणाल्या, "नियम होता. मी हात वर केला होता. पण साहेब, तो नियम मला भेटवस्तूंचा वाटला. पोराला खायला घालायला नियम असतो, हे मला वाटलंच नाही."

मी-ग्यंगने तिचं सांगून झाल्यावर ते इन-गुककडे वळले. आवाज कडक. "तू नवखा नाहीस. दर वर्षी तुम्हाला हे शिकवलं जातं. जे पितोस ते काय आहे हे विचारणं तुझं काम होतं. ती पिशवी तू नाकारू शकला नाहीस?"

इन-गुक उभा राहिला. इतके दिवस 'मला माहीत नाही' एवढंच म्हणणारा हा माणूस. तो म्हणाला, "साहेब, कोपरा कापलेला होता."

एवढंच.

त्या खोलीत सोलचे वकील होते, शास्त्रज्ञ होते, टंकलेखन करणारी एक मुलगी होती. कुणाला अर्थ विचारावा लागला नाही. आपल्यापुढे कुणा आजीने कोपरा कापून दोन्ही हातांत पिशवी धरली, आणि आपण ती परत केली, असं आपल्यापैकी कुणाच्या हातून आजवर घडलं आहे? मधल्या पंचांनी लेखणी खाली ठेवली आणि थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं. मला वाटतं, त्यांना स्वतःची कुणीतरी आठवली असावी.

निकाल लागला. संघाविरुद्धची चौकशी बंद झाली, डॉक्टरांचं कपाट उघडलं. इन-गुकला मात्र बंदी झाली, वसंतापर्यंतची. उरलेला हंगाम त्याच्याशिवाय गेला आणि वरची श्रेणी थोडक्यात हुकली.

इथे मला एक अप्रिय गोष्ट सांगायची आहे. ती बंदी योग्य होती. नाही, बोलू द्या मला. समोरच्या संघाचे गडी त्या उकाड्यात कमरेवर हात ठेवून उभे होते. त्यांना कुणी पिशव्या दिल्या नव्हत्या. आपल्या मनात पाप नव्हतं, पण त्यांच्या पायांत ते द्रव्य नव्हतं आणि आपल्या गड्याच्या पायांत होतं. म्हणून तो गोल मी मोजत नाही. ग्वाकदादा मोजतात, त्यांनी त्यासाठी दात दिला आहे. हा वाद आजही चालू आहे आणि आपण वरच्या श्रेणीतही तो घेऊन जाऊ. पण एका माणसाने तो वाद स्वतःपुरता मिटवला. बंदी संपवून परत आल्यावर इन-गुकने आपल्याकडे एकच मागणं केलं. ते गाणं पुन्हा म्हणू नका. मला उकडतं आणि मी थकतो, असं तो म्हणाला.

मग त्या शनिवारचं काय? वरच्या श्रेणीसाठीचा निर्णायक सामना, आपण एका गोलने पुढे, आणि शेवटच्या क्षणी आपला गोलरक्षक पुढे येऊन चुकलेला. चेंडू रिकाम्या गोलकडे चाललेला. मी डोळे मिटले नाहीत; मिटायला हवे होते, इतकं भयंकर होतं ते. आणि तो धावत आला. गेल्या वर्षीसारखा नव्हे. जड पायांनी, तोंड उघडं, चौतीस वर्षांच्या माणसासारखा. रेघेवर पडून त्याने चेंडू बाहेर ढकलला आणि तिथेच उताणा झाला. त्याला उठवायला दोघे लागले. उत्तर बाजूने आपोआप नवं गाणं धरलं, "इन-गुक थकला, इन-गुक थकला." इतक्या आनंदाने कुणाच्या थकण्याचं गाणं झालेलं मी तरी ऐकलेलं नाही. आता तरी तो ढोल नको, दादा. शेवटी वाजवा.

त्या सामन्यानंतर नमुन्यासाठी पुन्हा त्याचंच नाव निघालं. तीन आठवडे आपण अहवालाची वाट पाहिली. या सभागृहातल्या कुणाला झोप आली नसेल, तर ती का, ते मला ठाऊक आहे. आज आत येताना थाक डॉक्टरांनी दारातच मला सांगितलं. अहवाल आला आहे. काहीही सापडलेलं नाही. वामीचं सार तपासणीत सापडत नाही.

आता वाजवा ढोल. पुरे. धन्यवाद.

मित्रहो, एक शेवटची गोष्ट. आजींच्या फ्रीजमध्ये आता दोन कप्पे आहेत. एकावर मी-ग्यंगच्या अक्षरात 'आईंचं' आणि दुसऱ्यावर 'माझं' असं लिहिलेलं आहे. 'माझं' या कप्प्यात काय आहे ते कुणी विचारत नाही, आणि वाडगा रिकामा होईपर्यंत समोर कुणी बसत नाही. इन-गुक परत आल्यापासून आजींनी त्याला काट्यांचं सार सोडून काही दिलेलं नाही. साधं पाणीसुद्धा बाटली बंद असलेली. तो म्हणायचा, "आजी, द्या ना ओतून." त्या म्हणायच्या, "झाकण तूच उघड." सगळ्यांचे पेले भरणारी बाई एकाच टेबलावर हात मागे घेऊन उभी राहायची. हे हंगामभर मी बघितलं आहे. नियम पाळणं म्हणजे काय असतं ते मी आयुष्यभर मुलींना शिकवलं, पण तो पाळताना माणसाला इतकं दुखतं हे मी त्या टेबलाजवळ बघितलं.

आज सकाळी इन-गुकची निवृत्ती अधिकृतपणे नोंदली गेली. म्हणजे आत्ता या क्षणी तो खेळाडू नाही. कुठलाही नियम त्याला लागू नाही.

आजी, तुम्ही दाराशी का बसला आहात ते मला ठाऊक आहे. दाराशी गरम पाण्याचं भांडं ठेवायला जागा आहे म्हणून. तुमच्या पिशवीत काय आहे तेही ठाऊक आहे. मी थाक डॉक्टरांना दाखवून घेतलं आहे. आता गरज नव्हती, पण सवय. 'आईंचं' असं लिहिलेलं आहे, मी वाचलं आहे. मी-ग्यंग, त्यांचा हात धर. इन-गुक, तू मंचावरून खाली उतर. त्यांना पायऱ्या चढायला लावू नकोस.

माझ्या बोलण्यात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचं नको तिथे आलं असेल, कुणाला चारचौघांत जास्तच सुनावलं असेल, तर ते बाईंच्या जुन्या सवयीच्या खात्यावर टाका आणि पोटात घाला. अध्यक्ष महोदयांचे, या सभागृहाचे आणि गेलं वर्षभर भांडून का होईना, पण एकाही सामन्याला घरी न बसलेल्या तुम्हा सर्वांचे मी आभार मानते.

आजी, कात्री आणली आहे ना? मग कापा कोपरा.